शेतातून थेट ताटात: मुंबईतल्या 'फार्म टु टेबल' हॉटेलांबद्दल नेहमी येणारे प्रश्न

'अमुक ठिकाणी जेवलो, भाजी आमच्याच शेतातली आहे म्हणाले, खरं असेल का हो?' खाण्याबद्दल लिहायला लागल्यापासून मला येणाऱ्या निरोपांत या अर्थाचे निरोप सगळ्यात जास्त. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सुरुवातीला सोपे प्रश्न, पुढे जरा अडचणीचे. तेच तेच दोनदा लिहायला नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. 'फार्म टु टेबल' म्हणजे नक्की काय? भाजी कुठल्याही हॉटेलात शेतातूनच येते ना?

येते, पण बराच वळसा घालून. नारायणगावचा टोमॅटो घ्या. शेतकरी क्रेट भरून गाडीत चढवतो, माल रात्री वाशीच्या घाऊक बाजारात उतरतो, पहाटे गाळ्यावर भाव फुटतो. तिथून तो व्यापाऱ्याकडे, मग हॉटेलांना माल पोचवणाऱ्या सप्लायरकडे आणि शेवटी हॉटेलच्या मागच्या दारानं आत. शेवटच्या माणसाला पहिल्याचं नाव माहीत असायचं काही कारणच उरत नाही. शिवाय एवढे हात आणि एवढे हादरे सोसायचे म्हणजे टोमॅटो कच्चाच तोडायला हवा आणि वाणही जाड सालीचंच लावायला हवं. चवीचा विचार त्यानंतर, झाला तर.

फार्म टु टेबल हॉटेलवाल्यानं हे मधले हात गाळलेले असतात. एक तर शेत त्याचं स्वतःचं असतं, नाहीतर चार-सहा शेतकऱ्यांशी त्याचा थेट व्यवहार असतो. पण माझ्या लेखी महत्त्वाचं ते पुढचं: शेतात जे निघालं तेच शिजवायचं. एरवी आचारी मेन्यू ठरवतो आणि त्याप्रमाणे माल मागवला जातो. इथे आधी माल येतो, मेन्यू मागाहून ठरतो. अमेरिकेत बर्कलीला ॲलिस वॉटर्स यांनी १९७१ साली काढलेल्या 'शे पनीस'मुळे ही पद्धत हॉटेलांच्या जगात गाजली. आपल्याकडे ती घरोघरी होतीच, फक्त तिचं बिल येत नसे.

२. पण शेतकऱ्याकडून थेट माल घेता येतो का? बाजार समितीतूनच घ्यावा लागतो असं ऐकलंय.

पूर्वी तसंच होतं. २०१६ साली राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. तेव्हापासून शेतकरी बाजार आवाराबाहेर कोणालाही माल विकू शकतो, हॉटेललाही. मुंबईत गेल्या काही वर्षांत अशी हॉटेलं वाढली त्यात या निर्णयाचा वाटा आहे.

३. मुंबईच्या आसपास शेतं उरलीत तरी कुठे?

शहराच्या हद्दीत फारशी नाहीत. आरे आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवर पावसाळी भाजी होते, गोराई-उत्तनकडे थोडीफार वाडी टिकून आहे. खरा माल वेशीबाहेरून येतो. पश्चिम रेल्वेच्या टोकाला वसई-विरार: केळी, विड्याची पानं, फुलं, हिरवा भाजीपाला. सकाळच्या विरार लोकलच्या लगेजच्या डब्यात टोपल्यांच्या मधे पाय दुमडून बसलेल्या वसईच्या बायका ही मुंबईची सगळ्यात जुनी थेट विक्री. त्यापुढे पालघर, वाडा, डहाणू म्हणजे कोलम तांदूळ, चिकू आणि रानभाज्या. मध्य रेल्वेच्या अंगाला मुरबाड, शहापूर, कर्जत.

आणि खाडीपलीकडे अलिबाग. कुलाब्याच्या 'द टेबल' या हॉटेलचं स्वतःचं शेत अलिबागला आहे, या शहरातलं बहुधा सगळ्यात माहीत असलेलं उदाहरण तेच. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि सकाळी तोडलेली भाजी रस्त्याचा लांब फेरा न घेता दक्षिण मुंबईत यायची सोय झाली.

नाशिक, जुन्नर, महाबळेश्वर यांना 'जवळचं' म्हणायचं का, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. रात्री निघालेली गाडी सकाळी पोचत असेल तर माझी हरकत नाही.

४. खरोखर शेतातलं आहे की नुसती पाटी लावलीय, हे कसं ओळखायचं?

मेन्यूकार्ड हातात येण्याआधी वेटरला विचारा: 'आज काय नाहीये?'

'सगळं आहे साहेब' हे उत्तर आलं की बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी समजा. शेतावर अवलंबून असलेल्या स्वयंपाकघरात रोज काही ना काही संपलेलं असतं, आलेलं नसतं किंवा किडीनं खाल्लेलं असतं. एका गावठाणातल्या जुन्या बंगलीत थाटलेल्या हॉटेलात मी जुलैत गेले होते. दाराशी काळा फळा, त्यावर खडूनं सात-आठ पदार्थ. आम्ही चपला काढत असतानाच आतून एक मुलगा ओलं फडकं घेऊन आला, त्यानं 'कंटोली' पुसलं आणि त्या जागी 'टाकळा' लिहिलं. वाड्याहून निघालेली गाडी पाण्यामुळे अडकली होती आणि टाकळा स्टेशनबाहेरच्या नेहमीच्या बाईकडून घेतला होता. हे त्यानं न विचारता सांगितलं, तेही बिचकत, जणू कमीपणाच होता. मला ते ठिकाण तिथेच पटलं.

दुसरी खूण म्हणजे क्षुल्लक माल. मुख्य भाजीबद्दल सगळेच तयारीनं बोलतात. तुम्ही लिंबू, हिरवी मिरची, कोथिंबीर कुठली ते विचारा. बऱ्याच ठिकाणी पाटी लागते ती ताटातल्या एका सॅलडच्या जिवावर, बाकी सगळं रोजच्या सप्लायरकडून. तसं असेल आणि त्यांनी ते कबूल केलं, तर वाईट काहीच नाही. फक्त मग कार्डावर 'सर्व काही आमच्या शेतातून' असं छापू नये.

तिसरी, वाणाचं नाव. 'वांगं' म्हणणारा आणि 'हे काटेरी, भरीताचं नव्हे' असं सांगणारा यांत फरक असतो. तांदूळ विचारला तर 'बासमती' ऐवजी कोलम, आंबेमोहोर, घनसाळ यांपैकी काही ऐकू यायला हवं. मुंबईपासून दिवसाच्या अंतरावर बासमतीचं शेत नाही.

आणि ऑगस्टमध्ये ताज्या स्ट्रॉबेरीचं डेझर्ट दिसलं तर पुढे काही विचारायची गरजच नाही. भिंतीवर टांगलेली नांगराची फाळं, टोपल्या, मालकाचा बैलासोबतचा फोटो, यांतून काहीही सिद्ध होत नाही. हल्ली ते सामान सजावटवाल्यांकडे भाड्यानं मिळतं.

५. फार्म टु टेबल आणि ऑर्गॅनिक एकच का?

नाही. पहिलं सांगतं माल कुठून आला, दुसरं सांगतं तो कसा पिकवला. शेजारच्या शेतात सपाटून फवारणी केलेली भेंडीही थेट ताटात येऊ शकते, आणि दूरच्या डोंगरातली प्रमाणित ऑर्गॅनिक डाळ महिनाभर गोदामात पडून राहिलेली असू शकते.

ऑर्गॅनिकला कायद्याचा आधार आहे. भारतात प्रमाणीकरणाच्या दोन पद्धती चालतात: एनपीओपी, ज्यात त्रयस्थ संस्था तपासणी करते, आणि पीजीएस-इंडिया, ज्यात शेतकऱ्यांचा गटच एकमेकांची शेतं तपासतो. पाकिटावर 'जैविक भारत'चं चिन्ह असतं. वर्षभरात १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेला छोटा शेतकरी थेट खाणाऱ्याला विकत असेल तर त्याला प्रमाणीकरणातून सूट आहे.

रासायनिक शेती सोडली म्हणजे दुसऱ्या दिवसापासून ऑर्गॅनिक होत नाही. एनपीओपीत हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं थांबावं लागतं. त्या मधल्या काळात शेतकऱ्याचं उत्पन्न घटतं आणि जास्तीचा भावही मिळत नाही. त्यामुळे एखादा हॉटेलवाला 'आमचे शेतकरी अजून बदलाच्या टप्प्यात आहेत' म्हणाला तर नाक मुरडू नका. त्याच काळात त्यांना गिऱ्हाइकाची खरी गरज असते.

६. कुठल्या महिन्यात गेलं तर काय मिळेल?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून उत्तर लांबणार.

मार्च ते मे: ओले काजूगर, कोवळ्या फणसाची भाजी, कैरीचे सगळे प्रकार, करवंदं, आणि अर्थात हापूस (त्याच्या भानगडी प्रश्न ९ मध्ये). अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या विणलेल्या माळा याच दिवसांत रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतात. त्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालं. गोडसर, तिखटपणा कमी, कोशिंबिरीत कच्चाच खावा. कोणी त्याची ग्रेव्ही करून दिली तर पैसे वाया गेले.

मेअखेर ते जून: वळिवाचा एखादा शिडकावा झाला की शेवळं. बाजारात जेमतेम काही आठवडे. शेवळं म्हणजे एका रानकंदाचा फुलोरा. वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्याचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं, आणि काकडं नावाच्या आंबट फळांचा रस घालून शिजवायचं. रस कमी पडला की घसा धरतो. विकणारी बाई शेवळांच्या जुडीबरोबर काकडंही देते, ती ठेवत नसेल तर तिच्याकडून घेऊ नका. हा पदार्थ मेन्यूवर ठेवणाऱ्या हॉटेलात सकाळी तीन-चार माणसं नुसती सोलत बसलेली असतात, हे प्रश्न ७ वाचताना लक्षात ठेवा.

जून ते सप्टेंबर: टाकळा, कुलू, भारंगी, कंटोली, कुर्डू, दिंडा, बांबूचे कोंब, आणि वाडीतलं अळू, पडवळ, शिराळी, गावठी काकडी. मुंबईतलं खरं शेतातलं जेवण जेवायचं तर हे चार महिने, आणि लोक नेमके याच दिवसांत घरी बसतात. ऋषिपंचमीच्या सुमाराला कुठे ऋषीची भाजी मिळाली तर सोडू नका. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही या नेमामुळे त्या भाजीत परसातलं आणि हातानं लावलेलं तेवढंच येतं: अळू, माठ, भोपळा, सुरण, शिराळं, मक्याचं कणीस. मसाला जवळजवळ नाही. भाजीची स्वतःची चव काय असते ते त्या एका वाटीत कळतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर थोडे रिकामे जातात. पावसाळी संपलेलं, हिवाळी आलेलं नाही. नवा तांदूळ मात्र याच वेळी.

डिसेंबर ते फेब्रुवारी: पालेभाज्या, मटार, ओला हरभरा, हुरडा. आणि रायगडातली पोपटी. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल येतो. त्याच्या कोवळ्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, ओवा, मीठ, हवी तर अंडी किंवा कोंबडी, हे सगळं मडक्यात भरून मडकं उपडं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब नाही. शहरातल्या हॉटेलात ही ओव्हनमध्ये करून देतात. चव वाईट नसते, पण भांबुर्डीच्या पाल्याशिवाय केली असेल तर तिला पोपटी म्हणू नये. शक्य असेल तर अलिबाग-पेणकडे रात्रीची, शेतातच खा.

७. एवढं महाग का? मधले दलाल गेले तर स्वस्त व्हायला हवं ना?

हिशोब तसा वाटतो, पण दलाल गेला तरी त्याचं काम जात नाही. वाशीला एका ट्रकमध्ये कित्येक शेतकऱ्यांचा माल येतो, म्हणून वाहतूक स्वस्त पडते. इथे चार क्रेटसाठी एक टेम्पो निघतो. घाऊक बाजारात माल निवडून, प्रतवारी लावून मिळतो. इथे वाकडी काकडी आणि भोक पडलेला पाला हॉटेलच्या माणसानं बसून निवडायचा. टाकळ्याची पानं खुडणं, शेवळं सोलणं हे यंत्राचं काम नाही. त्यात मुंबईचं भाडं, जे बहुतेक ठिकाणी भाजीच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त असतं.

हे झालं समर्थन. आता दुसरी बाजू. स्टेशनबाहेर वाट्यावर मिळणारी रानभाजी प्लेटमध्ये चमचाभर वाढून तिच्यापुढे शेतकऱ्यावरचा परिच्छेद छापणारी हॉटेलंही आहेत. शेतकऱ्याला बाजारभावापेक्षा किती जास्त देता, असं सरळ विचारा. जो देतो तो अभिमानानं सांगतो.

८. बिलात सर्व्हिस चार्ज लावला आणि म्हणाले, हा शेतकऱ्यांना जातो. द्यावा का?

तुमची मर्जी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेल आपोआप सर्व्हिस चार्ज लावू शकत नाही, दुसऱ्या नावानंही नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या सूचना कायम ठेवल्या. काढायला सांगा, नाही काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बहुतेक स्वतंत्र हॉटेलांत जीएसटी ५ टक्के असतो, तो मात्र द्यावाच लागतो.

९. 'देवगडच्या बागेतला हापूस' म्हणून दिला, पण चव वेगळी लागली. फसवलं का?

शक्य आहे. हंगामात कर्नाटकातून त्याच जातीचा भरपूर आंबा येतो आणि पेटीवर देवगड किंवा रत्नागिरी छापायला कोणाचा हात धरणार? हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांपुरतं. नोंदणी केलेला बागायतदार आपला क्रमांक दाखवू शकतो. हॉटेलला बागायतदाराचं गाव आणि नाव विचारा. थेट घेत असतील तर ते सांगायला अर्धा मिनिटही लागत नाही.

पण चव वेगळी लागली म्हणून लगेच फसवणूक ठरवू नका. एकाच बागेतला मार्चचा आणि मेच्या अखेरचा आंबा सारखा नसतो, पाऊस पडून गेल्यावर तर नाहीच. ऑगस्टमध्ये आमरस मिळाला तर तो डब्यातल्या पल्पचा. घरीही आपण बरण्या भरतोच. फक्त तो 'ताजा' म्हणून विकू नये.

१०. मासे मिळतात का अशा ठिकाणी? की सगळं शाकाहारीच?

मिळतात, आणि प्रश्न ४ मधली परीक्षा माशाला जास्तच लागू पडते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत 'आज पहाटेचं पापलेट' ऐकलं तर हसून वरणभात मागवा. जाणतं हॉटेल तेव्हा खाडीतली चिंबोरी, छोट्या होड्यांची थोडकी मासळी किंवा सुकट, सुके बोंबील यांच्यावर भागवतं. सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी ही पावसाळ्यातली तडजोड नव्हे, त्या मोसमाचंच जेवण आहे.

११. जवळचं म्हणजे चांगलंच, असं धरायचं का?

अजिबात नाही. रुळांच्या कडेला लाल माठ, पालक, मुळा, भेंडी डोलताना लोकलमधून आपण सगळ्यांनी पाहिलीय. रेल्वेच्या मोकळ्या जमिनीवर भाजी लावू देण्याची योजना जुनी आहे, आणि त्या भाजीला नाल्याचं पाणी घातलं जातं ही तक्रारही तितकीच जुनी. अंतर मोजलं तर याहून 'लोकल' दुसरं काही नाही. म्हणून शेत कुठे आहे यापाठोपाठ पाणी कुठलं आहे हेही विचारा. विहीर, ओढा, बोअर, काहीतरी ठोस उत्तर यायला हवं.

१२. रानभाज्या खाऊन त्रास होत नाही ना? मुलांना द्याव्यात का?

नीट शिजवलेल्या असतील तर सहसा नाही. अळू, सुरण, शेवळं यांत घशाला टोचणारे बारीक स्फटिक असतात, म्हणून चिंच, कोकम किंवा काकडं हवंच. भारंगी कडू असते, उकळून पाणी टाकून देतात. पहिल्यांदा खाताना थोडी खा, एका जेवणात चार नव्या भाज्या नकोत. मुलांना कंटोली आणि टाकळ्याची भजी चालतात, शेवळं थांबू दे. पोटाचा जुना आजार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरला विचारून खावं.

आणि एक: हॉटेलात खाऊन हुरूप आला म्हणून येऊरच्या जंगलात स्वतः खुडायला जाऊ नका. दोन सारखी दिसणारी पानं ओळखणं ही ठाकर, वारली, कातकरी बायकांची पिढ्यांची विद्या आहे, मोबाईलवरच्या फोटोनं ती येत नाही.

१३. आमच्याकडे जैन पाहुणे येणार आहेत, सासूबाईंचा उपवास आहे. न्यावं का?

आधी फोन करून. कांदा-लसूण-बटाट्याशिवाय बहुतेक ठिकाणी करून देतात. अडचण होते ती चातुर्मासात, कारण तेव्हा अनेक जैन घरांत पालेभाज्याही वर्ज्य असतात आणि या हॉटेलांचा पावसाळी मेन्यू जवळजवळ सगळा पाल्यावरच चालतो. अशा वेळी पडवळ, दोडका, काकडी, भोपळा असं काय आहे ते आदल्या दिवशी ठरवून घ्या.

उपवासाचं गमतीचं आहे. साबुदाणा आपण मराठी मातीतला समजतो, तो येतो मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलमकडून. वरी मात्र जव्हार-इगतपुरीच्या डोंगरउतारावरची मिळू शकते. वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी मागा.

१४. मीठ, तेल, गहू, चहा हेही शेतातलंच हवं का?

तसा हट्ट धरला तर कुठलंच हॉटेल चालणार नाही. कोकणपट्टीत गहू जवळजवळ होत नाही, चपातीचा गहू मध्य प्रदेशचा असतो. चहा आसामचा किंवा निलगिरीचा. नारळ बराचसा दक्षिणेतून येतो. मुंबईच्या कडेला मिठागरं आहेत, पण खाण्यासाठी विकायचं मीठ आयोडीनयुक्त लागतं, त्यामुळे 'भांडुपचं मीठ' टेबलावर दिसणार नाही. म्हणूनच काही ठिकाणी गव्हाची पोळी न ठेवता तांदळाची आणि नाचणीची भाकरीच ठेवतात. मला हे पटतं. पोळीच हवी म्हणणाऱ्यांसाठी दुसरी हॉटेलं पुष्कळ आहेत.

१५. घरपोच मागवता येईल का?

काही जण पाठवतात. पालेभाजी आणि तांदळाची भाकरी डब्यात अर्धा तास वाफेत बसली की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. भात, आमटी, लोणची मागवा, बाकीचं तिथे जाऊन खा.

१६. तुम्ही फळ्याचा किस्सा लिहिलात, मग त्या हॉटेलचं नाव का सांगत नाही?

हे विचारणारे निरोप आता शिव्यांच्या काठावर आले आहेत, म्हणून उत्तर देते. तिथे टेबलं मोजकी आहेत आणि माल त्याहून मोजका. अशा जागेचं नाव फिरलं की दोन महिन्यांत रांग लागते, गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून मालक बाजारातून माल भरायला लागतो, आणि ज्याच्यासाठी आपण गेलो तेच उरत नाही. हे एका ठिकाणी होताना जवळून पाहिलंय.

स्वतः शोधायची वाट सांगते. जूनच्या सुरुवातीला दादर, ठाणे, बोरिवली, कुठल्याही मोठ्या स्टेशनबाहेर रानभाज्या विकणाऱ्या बायकांकडे जा. वाटे संपत आल्यावर, त्या जरा निवांत असताना, 'मावशी, हॉटेलवाले कोण घेऊन जातात?' असं विचारा. भाजी विकत घेऊन मग विचारा, नुसती चौकशी करू नका. दुसरी वाट वस्तीतल्या शेतकरी आठवडी बाजाराची. दर आठवड्याला क्रेटच्या क्रेट उचलणारा माणूस घरच्यासाठी नेत नसतो, त्याच्याशी ओळख काढा.

१७. हॉटेलनं खोटं सांगितलं हे कळलं तर तक्रार करता येते का?

कशाबद्दल खोटं, त्यावर आहे. 'फार्म टु टेबल' या शब्दाला आपल्या अन्न कायद्यात व्याख्या नाही, त्यामुळे नुसत्या त्या पाटीवरून कोणाला पकडणं कठीण. 'ऑर्गॅनिक' छापलं असेल आणि प्रमाणपत्र नसेल (प्रश्न ५) तर एफएसएसएआयकडे (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) किंवा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. त्यासाठी हॉटेलचा १४ आकडी परवाना क्रमांक लागतो. २०२२ पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे, म्हणून बिल फेकू नका. मेन्यूवर एखाद्या ठरावीक शेताचं नाव असेल आणि माल तिथून येतच नसेल, तर ती ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. कार्डाचा फोटो काढून ठेवा.

१८. मुरबाडला आमची थोडी जमीन आहे. अशा हॉटेलला माल द्यायचा आहे. कुठून सुरुवात करू?

सगळ्यांकडे आहे ते लावू नका. भेंडी-वांगी त्यांना कोणीही देईल. गावठी काकडी, लाल मुळा, कोवळा लसूणपात, कढीपत्ता, अळूची न खाजणारी जात, केळफूल, अशा मालाला आचारी लगेच हो म्हणतात. नमुना घेऊन दुपारी तीन ते पाचच्या मधे जा, जेवणाच्या वेळेला गेलात तर कोणी भेटणार नाही. मालकाला भेटण्याआधी आचाऱ्याला भेटा.

दर आठवड्याला काय आणि किती देता येईल, याचा निरोप दोन आठवडे आधी पाठवा आणि आकडा हातचा राखून सांगा. मुसळधार पावसात पालेभाजीचा शब्द देऊ नका. पैशाचं मात्र पहिल्या दिवशीच कागदावर घ्या, किती दिवसांनी आणि कोणाकडून. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचे अशाच एका नावाजलेल्या हॉटेलनं तीन महिने पैसे थकवले होते, आणि भिंतीवर तेव्हाही त्याचाच फोटो होता. सुरुवातीला दर आठवड्याला हिशोब मिटवणाऱ्यालाच माल द्या.